राणेचे टाय रॉड एंड आणि जबड्याचा पुलर : वॅगनआरवर घरी केलेलं काम

राणे कंपनीच्या टाय रॉड एंडची (स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) जोडी, तो सोडवायचा पुलर आणि शेवटी करून घेतलेलं अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा मशिनवर जुळवणं, या तिन्हींबद्दल एकत्रच लिहिते. यातलं एक जरी टाळलं तरी बाकीच्या दोन्हींवर घातलेले पैसे वाया जातात. पार्ट चांगला निघाला, पुलर त्याहून उपयोगी निघाला, आणि अलाइनमेंटवाल्याची निवड या दोन्हींपेक्षा जास्त विचार करून करावी असं माझं मत झालं आहे.

गाडी 2012 ची वॅगनआर व्हीएक्सआय, 998 सीसीचं के-सिरीज इंजिन, पॉवर स्टेअरिंग. मी राहते साताऱ्यात समर्थ मंदिराजवळ आणि शिकवते परळी खोऱ्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. म्हणजे रोज बोगदा ओलांडून सज्जनगडाच्या बाजूला जायचं. ज्यांनी हा रस्ता पावसाळ्यात पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ठोसेघरचा धबधबा बघायला येणाऱ्या गाड्या वाढल्या की डांबराच्या कडा खचतात आणि समोरून एसटी आली की डावं चाक त्या कडेवरून खाली उतरवावंच लागतं. डावीकडचाच सांधा आधी गेला यात मला काही आश्चर्य वाटलं नाही.

सुरुवात आवाजाने झाली. कमी वेगात खड्ड्यातून गाडी गेली की डावीकडून टक्. शाळेच्या आवारात गाडी जागेवर वळवताना पुन्हा टक्. मग सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी एका रेषेत धरायला हात सतत थोडाथोडा हलवावा लागायला लागला. पुढच्या डाव्या टायरवरून तळहात बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत लागायचा, आतून बाहेर फिरवला तर करवतीच्या दातांसारखा बोचायचा. ही खूण ज्यांना माहीत नाही त्यांनी आजच स्वतःच्या टायरवर हात फिरवून बघावा. टायर असा झिजत असेल तर चाक रस्त्यावर नुसतं फिरत नाही, थोडं घासत चाललंय, म्हणजे टो (वरून पाहिलं तर चाक किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे ते) बिघडलाय. आणि टो आपोआप बिघडत नाही, कुठला तरी सांधा ढिला झालेला असतो किंवा काहीतरी वाकलेलं असतं.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवलं. गाडी लिफ्टवर घेतली, चाक दोनदा हलवलं आणि “मॅडम, रॅक गेलाय, पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल” असं सांगून पाच आकडी अंदाज हातात दिला. रॅक म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं दोन्ही बाजूंच्या टाय रॉडपर्यंत पोचवणारा भाग. नेमका कुठला सांधा हलतोय ते दाखवा म्हटलं तर कस्टमरला लिफ्टखाली येऊ देत नाहीत हे उत्तर मिळालं. मला याचा राग आला आणि अजून आहे. सुरक्षिततेसाठी कुणाला लिफ्टखाली उभं करायचं नसेल तर ते मी समजू शकते, पण मग फोनवर व्हिडिओ काढून दाखवता येतो. आजार कुठे आहे ते न दाखवता आख्खा अवयव काढायला सांगायचं, आणि तेही ज्याला गाडीतलं कळत नाही असं त्यांनी आधीच ठरवून टाकलंय अशा माणसाला, हे बरोबर नाही.

माझे वडील एसटीत होते. आधी दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, मग साताऱ्याच्या विभागीय कार्यशाळेत. गुडघ्यांमुळे आता त्यांना खाली बसता येत नाही, पण कान आणि नजर शाबूत आहे. मी घरी येऊन सांगितलं, “अण्णा, रॅकच बदलायचा म्हणताहेत.” ते म्हणाले, “आधी कुठं हलतंय ते बघ. मी स्टेअरिंगवर बसतो, तू खाली वाक.”

ही तपासणी कुणालाही करता येते, म्हणून नीट लिहिते. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक फक्त सोडवलेलं. एकाने आत बसून स्टेअरिंग अगदी थोडं, दोन-तीन बोटं, डावीकडे-उजवीकडे झटक्याने हलवायचं. दुसऱ्याने चाकामागे हात घालून टाय रॉड एंड जिथे नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) बाहूला जोडलेला असतो तिथे बोटं अशी धरायची की अर्धं बोट एंडवर आणि अर्धं बाहूवर राहील. चांगल्या सांध्यात दोन्ही एकदम हलतात. माझ्या डाव्या बाजूला आधी एंड हलायचा, मग बाहू, आणि मधल्या फटीत तो टक् आवाज बोटांना स्पष्ट जाणवायचा. उजवीकडे असं काही नव्हतं. मग रॅकच्या रबरी बूटवरून, म्हणजे धूळ-पाणी अडवणाऱ्या आवरणावरून, हात धरून आतला सांधा तपासला, तिथे दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं.

त्यानंतर चाक जॅकवर उचललं. घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवलं तर प्ले (ढिलेपणा) होता, 12 आणि 6 च्या जागी धरून हलवलं तर नव्हता. आडवा प्ले असला की संशय स्टेअरिंगच्या सांध्यांवर जातो, उभाही असला तर व्हील बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बघावा लागतो. टॉर्च लावून पाहिलं तेव्हा डाव्या एंडचं रबर चिरलेलं दिसलं. आतलं ग्रीस केव्हाच निघून गेलं होतं आणि दाबल्यावर तांबूस पाणी आलं. एवढंच होतं. रॅक ठणठणीत होता.

या भागात असतं काय, तर एका कपात बसवलेला स्टीलचा गोळा. त्याला निमुळता दांडा असतो, तो दांडा नकलच्या बाहूतल्या तितक्याच निमुळत्या छिद्रात घट्ट रुततो आणि वरून नट लागतो. गोळ्याभोवती ग्रीस आणि त्यावर रबराचं बूट. चाक वरखाली होतं, वळतं, आणि तरी स्टेअरिंगची ओढ त्याच्यापर्यंत अचूक पोचते ती या गोळ्यामुळे. रबर एकदा फाटलं की पाणी आणि धूळ आत जाऊन ग्रीस खराब होतं आणि गोळा झिजायला लागतो. फार झिजला तर तो कपातून निसटू शकतो, आणि मग ते चाक तुमच्या हातात राहत नाही. अण्णा या बाबतीत फार कडक आहेत. टाय रॉडचा आवाज येतोय असं ड्रायव्हरने लिहून दिलेली गाडी त्यांच्या वेळी तपासल्याशिवाय डेपोच्या फाटकाबाहेर जात नसे. मीही ते काम होईपर्यंत शाळेला एसटीनेच गेले.

आता पार्टबद्दल. पोवई नाक्याच्या बाजूच्या एका जुन्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून घेतला. दुकानदार काकांनी आधी आरसी मागितली आणि चासी नंबर वहीत लिहून घेतला. हे मला आवडलं. वॅगनआरचं मॉडेल 2010 मध्ये बदललं, त्याआधीच्या 1.1 लिटरच्या गाडीचा एंड या गाडीला चालेल असं धरून चालता येत नाही. नुसतं “वॅगनआरचा द्या” म्हटल्यावर जो दुकानदार मागे वळून डबा काढतो त्याच्याकडून स्टेअरिंगचा पार्ट घेऊ नये.

काकांनी काउंटरवर तीन ठेवले. मारुतीचा जेन्युइन, राणेचा आणि एक बिननावाचा लोकल. राणे ही चेन्नईची कंपनी, स्टेअरिंगची लिंकेजेस हाच तिचा जुना धंदा, आणि गाड्यांच्या कंपन्यांनाही ती हा माल पुरवते. तिन्ही हातात घेऊन पाहिले. लोकलचा दांडा एका बोटाने टिचकी मारल्यासारखा इकडून तिकडे डुलत होता. राणेचा हलवायला अंगठ्याने जोर द्यावा लागला, आणि तो सगळीकडे सारख्या जोराने, कुठेही न अडकता फिरला. नव्या बॉल जॉइंटची हीच परीक्षा. सैल डुलणारा सांधा मऊ आहे म्हणून चांगला असं नसतं, त्याच्यात सुरुवातीलाच जागा आहे. लोकलच्या बूटवर साच्याची रेघ बोटाला लागत होती आणि रबर दाबलं की पांढरं पडत होतं. राणेचं रबर जाड, खालच्या कड्यात पक्कं बसलेलं, दांड्याच्या आट्यांवर प्लास्टिकची टोपी, सोबत खाचा असलेला कॅसल नट आणि तो फिरू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन. जेन्युइन आणि राणे यांत मला हाताला काही फरक जाणवला नाही. जोडीचं बिल 900 रुपयांच्या आत आलं. लोकल याच्या निम्म्यात होता. टायरच्या एका जोडीची किंमत डोळ्यासमोर आणली तर ही बचत करण्यात काही अर्थ नाही.

जोडीच घेतली, कारण उजवीकडच्या बूटलाही बारीक भेगा दिसत होत्या आणि अलाइनमेंट कसंही एकदा करावंच लागणार होतं. उजवा सांधा आणि त्याचं रबर अगदी नवं असेल तर एक बदललेला चालतो. दोन्ही बदललेच पाहिजेत असा काही नियम नाही.

पुलरबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण गॅरेजमध्ये तो फारसा कुणी वापरत नाही. तो निमुळता दांडा छिद्रात असा रुतलेला असतो की नट पूर्ण काढला तरी एंड तसूभरही हलत नाही. तो सोडवायच्या तीन रीती आहेत. पहिली हातोड्याची. बाहूच्या दोन्ही अंगांवर एकाच वेळी दोन हातोडे मारायचे, धक्क्याने छिद्र क्षणभर आकार बदलतं आणि दांडा सुटतो. अण्णांनी आयुष्यभर एसटीच्या गाड्यांवर हेच केलं, आणि ज्याचा हात बसलेला आहे त्याच्यासाठी ती रीत बरोबरच आहे. पण माझ्याकडे दोन किलोचे दोन हातोडे नाहीत, चाकामागे ते फिरवायला जागा नाही, आणि फटका चुकला तर ब्रेकचा पाइप शेजारीच असतो. काही जण नटावरच खालून-वरून हाणतात. त्याने आटे चेपतात आणि काम दुप्पट होतं. दुसरी रीत काट्याची, म्हणजे दोन दातांची पाचर मध्ये ठोकायची. एंड टाकूनच द्यायचा असेल तर चालते, पण रबर नक्की फाटतं, त्यामुळे पुढेमागे फक्त बाहू सोडवायचा असला तर तो काटा निरुपयोगी.

तिसरी रीत पुलरची. मी घेतला तो दोन जबड्यांचा, मागे बोल्ट असलेला, घडीव स्टीलचा. खालचा जबडा फटीचा, तो बाहूखाली रबराच्या बाजूने सरकवायचा. वरचा जबडा दांड्याच्या टोकावर येतो. मागचा बोल्ट आवळला की खालचा जबडा धरून राहतो आणि वरचा दांड्याला बाहेर ढकलतो. 700 रुपयांना पडला. बॉक्सवर नाव कुठलंही असो, घेताना तोंडाची उघडीप बघा आणि आपल्या गाडीचा सांधा त्यात मावतो का ते विचारा, कारण छोट्या गाडीसाठी फार मोठं तोंड घेतलं तर ते सरकतं. माझ्या पुलरबद्दल एकच तक्रार. बोल्टचे आटे कोरडे आले होते आणि जबड्याच्या आतल्या कडा घासलेल्या नव्हत्या. कडा कानशीने मारून घेतल्या नाहीत तर खालच्या जबड्याने चांगलं रबर कापलं जाईल. बोल्टला ग्रीस लावलं, कडा घासल्या, मग तो गाडीजवळ नेला.

आदल्या रात्री लॉक नटावर (एंडला टाय रॉडवर जागच्या जागी धरणारा नट) आणि उघड्या आट्यांवर तारेच्या ब्रशने घासून डब्ल्यूडी-40 मारून ठेवलं. सकाळी पुन्हा एकदा मारलं. हा वेळ देणं फार महत्त्वाचं आहे. कोरड्या गंजावर पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छन्नीशिवाय इलाज उरत नाही.

चाकाचे नट गाडी खाली असतानाच 19 च्या पान्याने सैल केले, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले, गाडी उचलली आणि खाली घोडी, म्हणजे गाडीचा भार पेलणारा लोखंडी स्टँड, लावली. गाडीबरोबर मिळालेल्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालणं हे मी कुणालाच सांगणार नाही. घोडी नसेल तर हे काम करू नका, गॅरेजला द्या.

आता सगळ्यात नाजूक भाग. टाय रॉडच्या आट्यांवर एंड जितका आत फिरवलेला असतो त्यावर चाकाची दिशा ठरते. आट्यांचा एक फेरा म्हणजे मिलिमीटरहून थोडं जास्त, पण बाहू आखूड असल्यामुळे तेवढ्यानेही चाक साधारण अर्धा अंश फिरतं. म्हणून आधी खुणा. लॉक नट एंडला जिथे टेकतो तिथे आट्यांवर मी शाळेतल्या व्हाइटनरची बारीक रेघ मारली. मग व्हर्निअरने लॉक नटाच्या तोंडापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घेतलं आणि वहीत लिहिलं. काही जण नुसते फेरे मोजतात. नवा एंड जुन्यापेक्षा किंचित लांब-आखूड असला तर फेरे सारखे असूनही चाक वाकडं राहतं, म्हणून फेरे आणि अंतर दोन्ही हवेत.

लॉक नट पाव फेरा सैल केला. एंड दुसऱ्या पान्याने धरूनच हे करायचं, नाहीतर सगळा जोर आतल्या सांध्यावर जातो. स्प्लिट पिन गंजून छिद्रात बसली होती, तिचे पाय पक्कडीने सरळ करून खालून ठोकून काढली. कॅसल नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. तो दोन-तीन आट्यांवर ठेवायचा, म्हणजे दांडा सुटताना एंड उसळून अंगावर येत नाही आणि आटेही वाचतात. पुलर बसवला. बोल्ट आवळत गेले, जोर वाढत गेला, पाना पुढे जाईना. अण्णा खुर्चीवरून म्हणाले, “आता थांब. तसाच ताण राहू दे आणि बाहूवर बाजूने एक टोला मार.” ताण तसाच ठेवून बाजूने छोट्या हातोडीचा एक टोला मारला आणि फाट् आवाज करून दांडा सुटला. तो आवाज एवढा मोठा असतो की काहीतरी तुटलं असंच वाटतं. तुटलेलं काही नसतं, घाबरू नका. पुलर आणि हलका टोला ही जोडी मला सगळ्यात पटली. नुसता बोल्ट आवळत राहिलं तर पुलरचेच आटे जातात.

डावा एंड सव्वाअठरा फेऱ्यांनी सुटला. जुना हातात घेतला तर दांडा आपल्या वजनाने खाली पडत होता. शेजारी नवा ठेवला, दोघांचं अंतर मोजलं, जुळलं. बाहूतलं निमुळतं छिद्र आतून कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसलं. तिथे ग्रीस किंवा तेल अजिबात लावायचं नाही, तो सांधा कोरड्या पकडीवरच टिकतो. टाय रॉडच्या आट्यांना मात्र किंचित ग्रीस लावलं, कारण उद्या अलाइनमेंटवाल्याला तिथेच फिरवायचं असतं आणि परत पाच-सात वर्षांनी सोडवायचं असतं.

नवा एंड तितकेच फेरे आत घेतला, दांडा बाहूत बसवला, नट लावला. कधी कधी नट फिरवताना दांडाच सोबत फिरायला लागतो. तसं झालं तर जॅक किंवा लाकडाचा तुकडा वापरून दांडा त्याच्या छिद्रात दाबून धरावा, म्हणजे तो रुततो आणि नट पुढे जातो. टॉर्क रेंच अण्णांचा जुना आहे, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळला. मग पिनेचं छिद्र आणि कॅसल नटाची खाच जुळत नसेल तर नट पुढेच आवळायचा, मागे कधीही घ्यायचा नाही. हे अण्णांनी मला तीनदा म्हणायला लावलं. मागे घेतलेला नट म्हणजे दांड्यावरचा ताण कमी झाला, आणि मग तो छिद्रात हळूहळू खेळायला लागतो. नवी स्प्लिट पिन घातली, एक पाय वर, एक खाली वाकवला. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. काही कंपन्या कॅसल नटाऐवजी आत नायलॉनची रिंग असलेला नट देतात, तोही एकदाच वापरायचा असतो.

लॉक नट आवळताना एंड दुसऱ्या पान्याने धरून ठेवला, म्हणजे गोळा कपाच्या मधोमध राहतो आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं तरी कडेला टेकत नाही. दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं. रॅकचं रबरी बूट पिळलं गेलेलं नाही ना तेही पाहिलं. आतला रॉड फिरवावा लागला तर त्या बूटची क्लिप आधी सैल करतात, नाहीतर रबर पिळून फाटतं. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर अण्णांच्या सवयीप्रमाणे व्हाइटनरची रेघ मारली. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते.

उजवी बाजू निम्म्या वेळात झाली. गाडी खाली उतरवली, चाकांचे नट परत आवळले. टक् आवाज गेला होता. जागेवर स्टेअरिंग वळवलं तर काही नाही, फाटकाच्या उंचवट्यावरून नेली तरी काही नाही.

आणि आता अलाइनमेंट. कितीही नीट मोजलं तरी घरचं मोजमाप हे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सावकाश जाण्यापुरतंच असतं. दोन्ही टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधलं अंतर टेपने मोजून फार फरक नाही एवढी खात्री केली आणि तिथे गेले. पहिल्या ठिकाणी थ्रीडी मशिन, काचेची केबिन, सगळं होतं. गाडी मशिनवर जायच्या आधीच माणूस म्हणाला की टोबरोबर कॅम्बरही (चाकाचा उभा कल) करावा लागेल, वेगळा चार्ज. मी विचारलं, या गाडीला पुढे कॅम्बर ॲडजस्ट करायची सोय कुठे आहे? वॅगनआरला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेले खांब) आहेत आणि कंपनीने तिथे फक्त टो बदलायची सोय दिलेली आहे. “करतो ना, प्रेसने करतो,” असं उत्तर आलं. प्रेसने करतो म्हणजे चांगला स्ट्रट वाकवतो. मी गाडी मागे घेतली. रीडिंग दाखवायच्या आधीच दुरुस्ती सांगणाऱ्या माणसाला गाडी देऊ नये, मग मशिन कितीही नवं असो.

दुसरं दुकान हायवेच्या बाजूला, मशिन जुनं, पण तिथल्या मुलाने मला स्क्रीनसमोर उभं केलं. आधी रिडींगचा प्रिंट काढला, चारही टायरची हवा सारखी केली, स्टेअरिंग सरळ करून क्लॅम्पने धरलं आणि मग दोन्ही टाय रॉड सारख्या प्रमाणात फिरवून टो बसवला. डावीकडचं चाक घरून निघताना फार थोडं आत होतं, उजवं जवळजवळ बरोबर. घरच्या मोजण्याला याहून चांगली पावती नाही. एका बाजूनेच टो भरून काढला तर टायर नीट राहतात पण सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं दिसतं. ते सरळ करायला स्टेअरिंगचं चाक काढून दुसऱ्या खाचेत बसवणारे लोक आहेत, त्यांना तसं करू देऊ नका. त्या मुलाने शेवटी माझ्याच लॉक नटावर नवी खूण करून दिली आणि दोन्ही प्रिंट हातात दिले. 400 रुपये झाले, ते मी आनंदाने दिले.

त्यानंतर गाडीने एक आख्खा पावसाळा याच रस्त्यावर काढलाय. स्टेअरिंग सरळ, आवाज नाही, टायरवर हात दोन्ही दिशांनी सारखाच फिरतो. जुनी झीज तशीच आहे, ती भरून येत नाही, म्हणून ती दोन टायर मी मागे टाकली. बूट चिरलेलं नाही, दाबल्यावर ग्रीस बाहेर येत नाही. 500 किलोमीटरनंतर चाक काढून रेघा तपासल्या, सगळ्या जुळलेल्या होत्या. हे तपासणं विसरू नये.

पार्ट, पुलर, अलाइनमेंट सगळं धरून 2000 रुपयांच्या आसपास खर्च झाला आणि पुलर घरात राहिला. वॅगनआर, अल्टो, स्विफ्ट अशी कुठलीही गाडी असो, रॅक बदला असं कुणी सांगितलं तर आधी घरातल्या एकाला स्टेअरिंगवर बसवा आणि वर लिहिलंय तसा हात लावून बघा. आतला सांधा किंवा रॅकच हलत असेल तर ते घरचं काम नाही, चांगल्या मेकॅनिककडे जा. बाहेरचा एंड असेल तर दुकानात जाताना आरसी घ्या, डबा काउंटरवरच उघडून दांडा अंगठ्याने फिरवून बघा, आणि दोन स्प्लिट पिना जास्तीच्या मागून घ्या. एखादी वाकवताना मोडली तर रविवारी दुकान बंद असतं.